धुराची तपासणी दरवर्षी, ब्रेकची मात्र पंधरा वर्षांनी

पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी असलेली मोटार सकाळी बाहेर काढली, की पहिल्या दोन-चार ब्रेकला चाकांतून खरखर ऐकू येते. चाकाच्या फटीतून डोकावले, तर आदल्या दिवशी चकचकीत दिसणारी लोखंडी डिस्क तांबूस झालेली असते. रत्नागिरीपासून कोचीपर्यंत आणि पुरीपासून चेन्नईपर्यंत किनारपट्टीवरील वाहनधारकांना हा अनुभव नवा नाही. बहुतेक वेळा काहीशे मीटर अंतरात आवाज नाहीसा होतो आणि त्याबरोबर तो विषयही विसरला जातो.

मात्र ब्रेकवरचा प्रत्येक गंज असा सहज निघून जाणारा नसतो. जो निघून जात नाही, तो कोणी आणि केव्हा पाहायचा, या प्रश्नाचे उत्तर देशातील वाहन-व्यवस्थेकडे आजही अपुरेच आहे. वाहने मोडीत काढण्याचे धोरण, राजधानी दिल्लीतील जुन्या मोटारींवरील निर्बंध आणि स्वयंचलित तपासणी केंद्रांची उभारणी यांमुळे गेली काही वर्षे 'जुने वाहन' हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला आहे. या चर्चेत धूर आहे, वय आहे, शुल्क आहे. ब्रेकचा उल्लेख मात्र अभावानेच होतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी मोटारीला नोंदणीनंतर एक वर्ष पूर्ण झाले, की प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजेच पीयूसी, बाळगावे लागते. भारत स्टेज-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांसाठी ते दरवर्षी घ्यावे लागते. याच मोटारीचे ब्रेक मात्र नोंदणीची १५ वर्षे पूर्ण होऊन नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत कोणत्याही शासकीय यंत्रणेने पाहण्याची सक्ती नाही. गंज वर्षे मोजून येत नाही. तो हवा, पाणी आणि वापर यांवर अवलंबून असतो. नियमांची मोजपट्टी आणि धोक्याची मोजपट्टी वेगळी आहे, हे या विषयाचे मूळ दुखणे आहे.

गंज एक, परिणाम अनेक

मोटारींच्या ब्रेक डिस्क आणि ड्रम प्रामुख्याने बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. बीड स्वस्त असते, उष्णता चांगली शोषते आणि घर्षणाला टिकते. त्याचा दोष इतकाच, की ते उघड्यावर ठेवावे लागते. डिस्कच्या ज्या पृष्ठभागावर पॅड घासायचे, तेथे रंग किंवा ग्रीस लावता येत नाही. त्यामुळे पाणी आणि प्राणवायू यांच्याशी लोखंडाचा थेट संबंध येतो आणि काही तासांतच तांबूस थर दिसू लागतो. हवेत क्षार असतील तर ही क्रिया अधिक वेगाने होते. समुद्रावरून येणारे खारे वारे हे किनारपट्टीवरच्या गंजाचे प्रमुख कारण आहे. तेथे पावसाळ्यानंतरही हवेतील दमटपणा पुरता हटत नाही.

डिस्कवरील हा पातळ थर पहिल्या काही ब्रेकमध्ये घासून निघतो. त्याने काळजी करण्याचे कारण नाही. मोटार आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी राहिली, तर परिस्थिती पालटते. गंज खोल जाऊन डिस्कवर बारीक खड्डे पडतात. पॅड ज्या जागी टेकलेले असतात, तेथे त्यांचा ठसा उमटतो आणि नंतर ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवते. डिस्कच्या बाहेरच्या काठावर गंजाची कड तयार होते आणि पॅडचा पूर्ण पृष्ठभाग डिस्कला टेकत नाही. ब्रेक लागतात, पण पूर्ण क्षमतेने लागत नाहीत.

याहून गंभीर गंज चटकन दिसत नाही. कॅलिपर ज्या पिनांवर मागे-पुढे सरकतो, त्या पिना रबरी टोपण फाटल्यावर आत पाणी जाऊन जखडतात. मग एका बाजूचा पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि दुसऱ्या बाजूचा नीट टेकत नाही. एक पॅड झिजून जातो, दुसरा नवाच राहतो आणि जोरात ब्रेक दाबताच मोटार एका बाजूला ओढली जाते. पॅडच्या मागील पोलादी पट्टीवर गंज चढला, तर त्यावर बसवलेला घर्षणाचा थर फुगून सुटू लागतो. ब्रेक ऑइल चाकांपर्यंत नेणाऱ्या पोलादी नळ्या मोटारीच्या पोटाखालून जातात. त्यांवर चिखल साचून राहिला, तर गंज बाहेरून नळी पोखरत जातो. नळी फुटली, तर तिच्याशी जोडलेल्या चाकांचे ब्रेक तत्काळ निकामी होतात. आधुनिक मोटारींत ब्रेकची दोन स्वतंत्र वर्तुळे असल्याने दुसरे वर्तुळ शिल्लक राहते, पण थांबण्याचे अंतर बरेच वाढते.

भारतातील अनेक लहान मोटारींना मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रम बंद असल्याने आतील स्थिती बाहेरून कळत नाही. पावसात भिजलेली मोटार हँडब्रेक ओढून महिनाभर उभी ठेवली, तर ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात आणि मागची चाके फिरेनाशी होतात. मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या असंख्य मोटारींच्या मालकांना हा धडा मिळाला. कमी वापरलेली मोटार सुस्थितीत असते, ही समजूत ब्रेकच्या बाबतीत तरी खरी नाही.

आतून येणारा ओलावा

ब्रेकला बाहेरून जसा गंज चढतो, तसा तो आतूनही धरतो. प्रचलित ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते आणि हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा गुणधर्म आहे. रबरी नळ्या आणि टाकीचे झाकण यांतून हा ओलावा हळूहळू आत जातो. दमट हवेत त्याचा वेग वाढतो. त्यामुळे मास्टर सिलिंडर, कॅलिपरचे पिस्टन आणि एबीएसचे महागडे भाग आतून गंजू लागतात.

याचा दुसरा परिणाम अधिक धोकादायक आहे. डॉट-३ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या अवस्थेसाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. डॉट-४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ अंश आहेत. लांब घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवले, की ब्रेक कमालीचे तापतात. जुने, ओलावा धरलेले ऑइल अशा वेळी उकळते आणि नळ्यांत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रवपदार्थ दाबाला टिकतो, वाफ टिकत नाही. पायाखालचा पेडल थेट तळाला जातो आणि ब्रेक लागत नाहीत.

सह्याद्रीच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. आंबोली, ताम्हिणी, वरंधा किंवा बोरघाट या वाटांवर पर्यटकांची गर्दी नेमकी पावसाळ्यात होते. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, त्याच महिन्यांत निसरड्या उतारावर ब्रेकची खरी कसोटी लागते. चिकटलेल्या पिनांमुळे आधीच तापलेले चाक, त्यात दोन-तीन वर्षे न बदललेले ऑइल आणि समोर सहा-सात किलोमीटरचा उतार, असा योग जुळून आला तर मोटारीचे वय चार वर्षे आहे की चौदा, याला अर्थ उरत नाही.

नियमांची रचना

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये प्रवासी व मालवाहू व्यावसायिक वाहने आणि खासगी वाहने यांच्यात स्पष्ट फरक केला आहे. कलम ५६ नुसार व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्राशिवाय रस्त्यावर येता येत नाही. हे प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या वाहनासाठी दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र कलम ४१ नुसार एकदम १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते.

नव्या मोटारीचे ब्रेक बाजारात येण्यापूर्वी कसून तपासले जातात. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्था प्रत्येक नव्या मॉडेलची चाचणी घेतात. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आहे. हे सारे नियम मोटार कारखान्यातून बाहेर पडते, त्या क्षणाचे आहेत. पुढील १५ वर्षे ब्रेकची जबाबदारी मालक आणि त्याचा मेकॅनिक यांच्यावर सोडलेली आहे.

ही रचना झाली, तेव्हा देशात मोटारी मोजक्या होत्या, वेग कमी होता आणि मोटार बाळगणारा माणूस तिची निगा राखेल, असे गृहीत धरता येत होते. आज द्रुतगती मार्गांवर ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारींची संख्या प्रचंड आहे. शिवाय जुन्या मोटारींचा बाजार नव्या मोटारींच्या बाजारापेक्षा मोठा झाला आहे. पहिल्या मालकाची मोटार दुसऱ्याकडे जाताना कागदपत्रे तपासली जातात, कर्ज फिटल्याची खात्री केली जाते, विमा हस्तांतरित होतो. ब्रेकच्या तपासणीची अट मात्र नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नई पुराच्या पाण्यात बुडाले, तेव्हा हजारो वाहने पाण्याखाली गेली होती. पुरात सापडलेली मोटार धुऊनपुसून दुसऱ्या राज्यात विकली गेली, तर ड्रमच्या आत शिरलेला गाळ आणि त्यामागून येणारा गंज नव्या मालकाला सांगणारी कोणतीही अधिकृत नोंद त्याच्या हाती पडतेच असे नाही.

वय मोजायचे की अवस्था

१३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाचा प्रारंभ केला. त्याच वर्षी स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियमही अधिसूचित झाले. या धोरणातील सर्वांत मोलाचा विचार असा, की वाहन केवळ वयामुळे बाद ठरू नये. तपासणीत अनुत्तीर्ण झाल्यास ते बाद ठरावे. या केंद्रांत मोटारीची चाके फिरत्या रुळांवर ठेवून प्रत्येक चाकाचे ब्रेक किती जोर लावतात आणि डाव्या-उजव्या चाकांत किती तफावत आहे, हे यंत्र नोंदवते. जखडलेली पिन किंवा चिकटलेला पिस्टन अशा तफावतीतून उघड होऊ शकतो. निरीक्षकाने मोटार थोडी चालवून पाहिल्यास तो हमखास सापडेलच असे नाही. महाराष्ट्रात नाशिक येथे एआरएआयच्या साह्याने उभे राहिलेले तपासणी व प्रमाणन केंद्र या पद्धतीच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक आहे.

दिल्लीत मात्र वेगळाच मार्ग अनुसरला गेला. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम ठेवल्यानंतर दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर सरसकट निर्बंध आले. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पंपावर इंधनच नाकारण्याचा प्रयत्न झाला. तीव्र नाराजीनंतर काही दिवसांतच तो थांबवावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन केवळ वयाच्या आधारावर या वाहनमालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. आपली मोटार सुस्थितीत असूनही बाद का ठरावी, हा मालकांचा युक्तिवाद होता.

ब्रेकचा गंज या युक्तिवादाची दुसरी बाजू दाखवतो. जोधपूरच्या कोरड्या हवेत झाकलेल्या जागेत उभी राहणारी, नियमित वापरातील पंधरा वर्षांची मोटार ब्रेकच्या दृष्टीने ठणठणीत असू शकते. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगत उघड्यावर उभी राहणारी आणि केवळ गणपती व मे महिन्यात वापरली जाणारी पाच वर्षांची मोटार धोकादायक असू शकते. केवळ वय पाहणारा नियम पहिल्या मालकावर अन्याय करतो आणि दुसऱ्याला मोकळा सोडतो. अवस्था तपासण्याचे तत्त्व धोरणाने स्वीकारले आहे. ते पंधराव्या वर्षाआधी लागू करण्याचा विचार मात्र अजून झालेला नाही.

अन्य देशांचा अनुभव

ब्रिटनमध्ये १९६० पासून वाहनांची सक्तीची तपासणी होते आणि आज तीन वर्षांवरील मोटारीला ती दरवर्षी करून घ्यावी लागते. जर्मनी आणि जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढील दर दोन वर्षांनी होते. या देशांत ब्रेकच्या नळ्यांवरील गंज हे वाहन अनुत्तीर्ण ठरवण्याचे ग्राह्य कारण आहे.

अमेरिकेचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथील उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ पसरतात. १९९९ ते २००३ या काळातील जनरल मोटर्सच्या सुमारे ५० लाख पिकअप ट्रक आणि एसयूव्हींच्या ब्रेकच्या नळ्या गंजून फुटत असल्याच्या तक्रारींवरून राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने काही वर्षे चौकशी केली. २०१५ मध्ये ती बंद झाली, ती वाहने परत मागवण्याचा आदेश न देता. इतक्या वर्षांच्या वापरानंतर मिठामुळे नळ्या गंजणे हा एका कंपनीच्या वाहनांपुरता प्रश्न नाही, असे यंत्रणेचे म्हणणे होते. मालकांनी मोटारीचे पोट नियमित धुवावे, नळ्या तपासून घ्याव्यात आणि गंज आढळल्यास त्या बदलाव्यात, असा सल्ला तिने दिला.

भारतासाठी यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. येथेही २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ समाविष्ट झाले आणि सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण हा अधिकार निर्मितीतील दोषांसाठी आहे. हवा आणि वापर यांमुळे येणारा गंज त्यात सहसा बसणार नाही. ब्रेक पॅड, शू आणि डिस्क हे झिजणारे भाग म्हणून कंपन्यांच्या वॉरंटीतूनही साधारणतः वगळलेले असतात. कंपनी जबाबदार नाही, सरकार तपासत नाही, तर मग भार उरतो तो मालकावर.

'ब्रेक लागले नाहीत' हा बचाव

अपघातानंतर चालकाच्या तोंडी येणारे पहिले वाक्य अनेकदा 'ब्रेक लागले नाहीत' हे असते. कायद्याच्या दृष्टीने हे वाक्य सुटका करणारे नाही. अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करण्याचा अधिकार कलम १३६ नुसार मोटार वाहन निरीक्षकाला आहे आणि असुरक्षित अवस्थेतील वाहन रस्त्यावर आणणे कलम १९० नुसार गुन्हा आहे.

नुकसानभरपाईच्या दाव्यांतही हाच सूर आढळतो. मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले, की यांत्रिक दोषामुळे अपघात झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि वाहन सुस्थितीत ठेवण्यासाठी वाजवी ती सर्व काळजी घेतल्याचेही त्याने दाखवले पाहिजे. अचानक उद्‌भवलेला, तपासूनही न कळणारा दोष वेगळा. गंज हा अशा दोषांत क्वचितच बसतो. तो महिनोन्‌महिने वाढतो, आवाज करतो, चाक तापवतो, पेडल मऊ करतो. शेवटची सर्व्हिसिंग केव्हा झाली, ब्रेक ऑइल केव्हा बदलले, याच्या पावत्या अशा वेळी केवळ खर्चाचा हिशेब राहत नाहीत. त्या पुरावा ठरतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी प्राण गमावले. यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदराखाली नोंदले गेले. वेग हे कारण खरे असले, तरी त्या वेगातून वाहन किती अंतरात थांबू शकले असते, हा प्रश्न त्या सदरात उमटत नाही. अहवालात अपघातग्रस्त वाहनांचे वयानुसार वर्गीकरण मिळते. ब्रेकच्या अवस्थेचे तितके स्पष्ट चित्र त्यातून उभे राहत नाही. जे मोजले जात नाही, त्यावर धोरण आखणे अवघड असते.

विजेच्या मोटारींचा नवा पेच

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी या विषयाला नवे वळण दिले आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशातील विजेच्या प्रवासी मोटारींची विक्री एक लाखाच्या पुढे गेली. या मोटारी वेग कमी करताना विद्युत मोटरचाच जनित्रासारखा वापर करून बॅटरीत ऊर्जा परत साठवतात. त्यामुळे शहरी वाहतुकीत प्रत्यक्ष ब्रेक फारच कमी वापरले जातात. पॅड जास्त काळ टिकतात, हा त्याचा लाभ आहे. पण डिस्क घासलीच जात नाही, म्हणून तिच्यावरचा गंजही निघत नाही. आणीबाणीच्या प्रसंगी जोरात ब्रेक दाबण्याची वेळ येते, तेव्हा पॅड खड्डे पडलेल्या डिस्कवर टेकतात. याच कारणास्तव फोक्सवॅगनने आपल्या आयडी मालिकेतील काही मोटारींना मागे पुन्हा बंदिस्त ड्रम ब्रेक बसवले.

युरोपीय संघाने युरो-७ मानकांत प्रथमच ब्रेकमधून हवेत मिसळणाऱ्या धुळीवर मर्यादा घातली आहे. २९ नोव्हेंबर २०२६ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना ती लागू होईल. पेट्रोल, डिझेल व हायब्रिड मोटारींसाठी किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि विजेच्या मोटारींसाठी ३ मिलिग्रॅम अशी ही मर्यादा आहे. तिच्यामुळे कठीण धातूचा मुलामा दिलेल्या डिस्कची मागणी वाढेल आणि अशा डिस्कवर गंजही कमी धरतो. पुणे-चाकण पट्ट्यात ब्रेकचे सुटे भाग बनवणारा मोठा उद्योग आहे. निर्यातीसाठी असा माल बनवताना तोच किनारपट्टीवरील भारतीय ग्राहकाला परवडेल अशा दरात उपलब्ध झाला, तर धूळ आणि गंज या दोन्ही प्रश्नांवर एकाच वेळी तोडगा निघू शकेल.

गॅरेजमधील प्रथा आणि शास्त्र

नियम बदलायला वेळ लागतो. गंज थांबत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यापूर्वी मोटारीच्या पोटाला जुने इंजिन ऑइल किंवा डिझेल फवारण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. चासीसाठी तिचा काही उपयोग होत असेलही, पण ब्रेकसाठी ती घातक आहे. तेलाचे थेंब डिस्कवर किंवा पॅडवर पडले, तर घर्षण एकदम घटते. खनिज तेलाने ब्रेकचे रबरी भाग फुगून खराब होतात. त्याऐवजी चासीला योग्य प्रकारचे अंडरबॉडी कोटिंग द्यावे आणि ते देताना ब्रेकचे सर्व भाग झाकावेत. डिस्कवरचा गंज घालवण्यासाठी स्प्रे किंवा ग्रीस वापरणेही तितकेच चुकीचे आहे.

डिस्कवर पातळ तांबूस थर असेल, तर मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात काही वेळा ब्रेक लावणे पुरेसे ठरते. काठावर कड आली असेल किंवा बारीक खड्डे पडले असतील, तर डिस्क लेथवर घासून घेता येते. मात्र बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो आणि जाडी त्याखाली जाणार असेल, तर डिस्क बदलणे हाच पर्याय असतो. डिस्क एका चाकाची न बदलता एकाच आसावरील दोन्ही चाकांची बदलावी. कॅलिपरच्या पिना वर्षातून एकदा काढून साफ कराव्यात आणि त्यांना उष्णतेत टिकणारे, रबराला न खाणारे ग्रीस लावावे. गंजलेली पोलादी नळी जोड देऊन दुरुस्त करण्याऐवजी ती पूर्ण बदलणे सुरक्षित असते. ब्रेक ऑइल साधारणतः दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस केली जाते. काहीशे रुपयांचा हा खर्च सर्व्हिसिंगच्या बिलातून वगळला जाणाऱ्या पहिल्या बाबींपैकी एक असतो.

मोटार अधिक काळ उभी ठेवायची असल्यास शेवटच्या फेरीत ब्रेक कोरडे होतील इतकी ती चालवावी. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडून द्यावा. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूतून किंवा साचलेल्या पाण्यातून आलेल्या मोटारीची चाके आणि पोट गोड्या पाण्याने धुणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मधला मार्ग

प्रत्येक खासगी मोटारीची दरवर्षी ब्रेक-तपासणी सक्तीची करावी, ही मागणी ऐकायला योग्य वाटते. पण आजच्या परिस्थितीत ती व्यवहार्य नाही. स्वयंचलित केंद्रांची संख्या अपुरी आहे. व्यावसायिक वाहनांसाठी ही केंद्रे सक्तीची करण्याची मुदतच आधी लांबवावी लागली होती. तपासणी घाईने लादली, तर ती कागदोपत्री उरते, हे पीयूसीच्या अनुभवावरून दिसते. दिल्लीतील प्रमाणपत्रांच्या वाटपातील अनियमिततांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी बोट ठेवले आहे. विम्याशी तपासणी जोडण्याचा प्रयोगही सावधगिरी शिकवणारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये, असा निर्देश दिला होता. त्यामुळे विमाच नसलेल्या वाहनांचा प्रश्न पुढे आल्यावर जुलै २०२४ मध्ये ती अट मागे घेण्यात आली.

यातून एक मधला मार्ग दिसतो. पहिला टप्पा मालकी-हस्तांतरणाचा असू शकतो. मोटार विकली जाते, तेव्हा ती परिवहन कार्यालयाच्या नोंदीत येतेच. त्याच वेळी रुळांवरील ब्रेक-चाचणीचा अहवाल जोडणे बंधनकारक केले, तर खरेदीदाराला संरक्षण मिळेल आणि पुरातील मोटारींच्या छुप्या विक्रीलाही आळा बसेल. दुसरा टप्पा सातव्या आणि अकराव्या वर्षी एकेका तपासणीचा असू शकतो. किनारपट्टीवरील जिल्ह्यांत ती आधी, कोरड्या प्रदेशांत उशिरा, असा फरक राज्यांना करता येईल. तिसरी बाब नोंदीची आहे. अपघातग्रस्त वाहनांच्या तपासणीत ब्रेकच्या नळ्या, पिना, डिस्कची जाडी आणि ऑइलची स्थिती ठराविक नमुन्यात नोंदली गेली, तर काही वर्षांत या प्रश्नाचा खरा आवाका कळू शकेल.

धोरण वयाचे असावे की अवस्थेचे, यावर राजधानीत न्यायालयापर्यंत वाद गेला. ब्रेकच्या बाबतीत हा वाद तुलनेने सोपा आहे, कारण अवस्था मोजता येते, यंत्राने मोजता येते आणि मोजण्याचा खर्च एका नव्या डिस्कच्या किमतीहून फारसा अधिक नाही. मोटारीच्या धुराचा त्रास इतरांना होतो, म्हणून तो दरवर्षी तपासावा, हे समाजाने मान्य केले. न लागणाऱ्या ब्रेकचा फटकाही बहुधा समोरच्यालाच बसतो. त्याच्या तपासणीसाठी पंधरा वर्षे थांबण्याचे समर्थन मग कोणत्या आधारावर करायचे, याचे उत्तर नियम करणाऱ्यांना द्यावे लागेल.